मनासाठी अ‍ॅप: कॉलेजच्या पहिल्या वर्षात त्याचा उपयोग कसा आणि कुठपर्यंत

दरवर्षी जून संपत आला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत गाद्या आणि ट्रंका लादलेल्या रिक्षा थांबू लागतात. सयाजीराव विद्यापीठात प्रवेश मिळालेली मुले-मुली जिथे जागा मिळेल तिथे उतरतात; काही प्रतापगंजच्या बाजूला होस्टेलमध्ये, काही पीजीत आणि काही आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांच्या वरच्या मजल्यावर. मी या शहरात बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवले आहे आणि आमच्या वरच्या दोन खोल्यांत विद्यार्थी राहत आले आहेत, त्यामुळे पालकांचे प्रश्न मला पाठ झाले आहेत. पूर्वी खानावळ कुठे आहे, पाणी किती वाजता येते, रात्री दार किती वाजता बंद होते, एवढेच विचारले जाई. आता एखादी आई निघताना जिन्यात थांबते आणि हळूच विचारते, "काकू, मनासाठी मोबाइलवर अ‍ॅप असते म्हणतात, ते हिच्या फोनमध्ये टाकून देऊ का?" जिन्यात उभ्या उभ्या या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

मुळात पहिले वर्षच इतके जड का जाते, हे आधी पाहायला हवे. बारावीपर्यंत उठण्याची वेळ, जेवण आणि अवतीभवतीची माणसे या तिन्ही गोष्टी घराने सांभाळलेल्या असतात, आणि कॉलेजात आल्यावर त्या तिन्ही एकाच आठवड्यात बदलतात. त्यात बडोद्याला आणखी एक भर पडते. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, मित्रांत हिंदी आणि वर्गात इंग्रजी, अशा चार भाषांतून मुलाला दिवसभर ये-जा करावी लागते, आणि गावाकडच्या शाळेत हुशार म्हणून ओळखला जाणारा मुलगा इथे पहिल्या महिन्यात हात वर करायलाही धजत नाही. माझ्या अनुभवात घराच्या आठवणीपेक्षाही हे दुखणे अधिक खोल जाते, कारण घराची आठवण येते असे सांगता येते, पण आपण एकाएकी मठ्ठ झालो आहोत असे वाटते हे कुणाला सांगणार?

वयाचाही यात भाग आहे. आयुष्यात पुढे दिसणाऱ्या मानसिक विकारांपैकी साधारण तीन चतुर्थांश विकारांची सुरुवात वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत आढळले. पुढे २०१८ साली आठ देशांतल्या एकोणीस महाविद्यालयांतील सुमारे चौदा हजार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३१ टक्के विद्यार्थ्यांत मागच्या बारा महिन्यांत कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराची लक्षणे प्रश्नावलीत दिसून आली. प्रश्नावलीत लक्षणे दिसणे आणि डॉक्टरांनी निदान करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवूनही हा आकडा लहान नाही. दुसरीकडे, भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. गरज एवढी मोठी आणि समुपदेशक मोजके, या अंतरातच मोबाइल अ‍ॅपची कल्पना पुढे आली.

अशा अ‍ॅपमध्ये असते तरी काय? सर्वांत साधी गोष्ट म्हणजे रोजची नोंद. आज कसे वाटते, किती तास झोप झाली, जेवण झाले का, कुणाशी बोलणे झाले का, हे दोन-तीन वेळा बोट टेकवून नोंदवायचे. ही नोंद एका दिवसाची असेल तर तिला काही अर्थ नसतो, परंतु तीन आठवड्यांचा आलेख समोर आला म्हणजे मुलाला स्वतःलाच दिसते की ज्या दिवशी तो पहाटे चारला झोपला त्याच्या दुसऱ्या दिवशी मन हमखास खाली गेले आहे. हे त्याला आईने शंभरदा सांगितलेले असते. पण स्वतःच्याच नोंदीतून ते कळले की मुले ऐकतात, असे मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे चाचणी. बहुतेक अ‍ॅपमध्ये पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली असते. तिची मूळ मांडणी २००१ साली प्रसिद्ध झाली, आणि तिची मराठी व गुजराती भाषांतरेही उपलब्ध आहेत. मागच्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, झोप बिघडली, थकवा आला, भूक गेली किंवा वाढली, आपण कमी पडलो असे वाटले, असे किती वेळा घडले ते शून्य ते तीन या गुणांत सांगायचे असते, आणि एकूण गुण सत्तावीसपैकी मोजले जातात. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर जाणकार माणसाला भेटावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. तापमापीने ताप किती आहे ते कळते, मलेरिया की टायफॉइड ते कळत नाही. या प्रश्नावलीचेही तसेच आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो, आणि त्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आले तर अ‍ॅप पुढे काय करते, यावरून मी ते अ‍ॅप जोखते. तिथल्या तिथे मदतीचा क्रमांक समोर आणणारे अ‍ॅप आणि गुणांची बेरीज करून पुढच्या पानावर जाणारे अ‍ॅप यांना एका पारड्यात घालता येणार नाही.

आता या साऱ्यातला सर्वांत मोलाचा भाग. आपल्याला दुःख होते ते पुष्कळदा घडलेल्या प्रसंगामुळे नव्हे तर त्या प्रसंगाचा आपण जो अर्थ लावतो त्यामुळे होते, हे मराठी वाचकांना नवीन नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात कितीतरी वर्षे शिकवली. १९६०च्या दशकात अ‍ॅरन बेक यांनी याच दिशेने जी पद्धत घडवली तिला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी) म्हणतात, आणि आजच्या बहुतेक अ‍ॅपमधले स्वाध्याय तिच्यावर बेतलेले असतात. मनात आलेला विचार पकडायचा, लिहायचा आणि तो खरा आहे का हे पुरावा लावून तपासायचे, असे तिचे ढोबळ रूप आहे.

हे जवळून कसे दिसते ते सांगते. आमच्याकडे नंदुरबारच्या बाजूची एक मुलगी राहत होती. गणपतीत घरी जाऊन आल्यावर ती फार गप्प झाली. एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर ती टाकीला टेकून मोबाइलवर काही लिहीत बसली होती. माझी चाहूल लागताच तिने फोन उलटा केला, आणि मग काय वाटले कोण जाणे, तो माझ्यापुढे धरला. (ही हकिगत तिला विचारून, ओळख पटू नये अशा बेताने लिहीत आहे.) अ‍ॅपने चार चौकटी दिल्या होत्या. प्रसंगाच्या चौकटीत तिने लिहिले होते, "कँटीनमध्ये मी डबा उघडला आणि दोघी उठून गेल्या." विचाराच्या चौकटीत एवढेच होते, "मी कुणालाच नको आहे." भावनेला शंभरपैकी ऐंशी दुःख, असे गुण दिले होते. पुराव्याची चौकट रिकामी होती. मी तिला काही सुचवले नाही, फक्त विचारले, "त्यांच्या ताटात काय होते गं?" ती थोडा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, "ताटं रिकामीच होती, काकू. आणि एक जण जाताना प्रॅक्टिकलला भेटू असं म्हणाली होती." ते तिने चौकटीत भरले. त्यानंतर अ‍ॅपने पुन्हा दुःखाचे गुण विचारले, तेव्हा तिने पंचेचाळीस दिले.

ऐंशीचे पंचेचाळीस झाले, शून्य झाले नाही, आणि तसे होण्याची अपेक्षाही नसते. तिचा एकटेपणा खोटा नव्हता; तिला खरोखरच अजून मैत्रीण मिळाली नव्हती. पण "मी कुणालाच नको" या विचाराची पकड ढिली झाली म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला गेली. आणखी एक गोष्ट मला त्या संध्याकाळी लख्ख दिसली. चौकटी अ‍ॅपने दिल्या होत्या, पण रिकामी राहिलेली चौकट भरायला कुणीतरी शेजारी बसून एक प्रश्न विचारावा लागला.

संशोधनही साधारण हेच सांगते. २०१७ साली वोबॉट नावाच्या चॅटबॉटची, म्हणजे माणसासारख्या गप्पा मारणाऱ्या अ‍ॅपची, चाचणी प्रसिद्ध झाली. अठरा ते अठ्ठावीस वयाच्या सत्तर तरुणांपैकी काहींना दोन आठवडे वोबॉटशी गप्पा मारायला दिले आणि बाकीच्यांना नैराश्याविषयीचे एक माहितीपर पुस्तक वाचायला दिले. चॅटबॉट वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणे पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली, तर चिंता दोन्ही गटांत कमी झाली. निकाल आशादायक होता, परंतु माणसे सत्तर, मुदत दोन आठवड्यांची आणि अभ्यास करणाऱ्यांत त्या कंपनीच्या संस्थापिकाच सामील, हे सारे विसरून जाहिरातींत त्याचा जो डंका पिटला गेला तो मला पटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ३० जून २०२५ रोजी ते अ‍ॅपच बंद झाले. ज्याच्यावर एखादे मूल रोज रात्री भार टाकते ते एका सकाळी नाहीसे होऊ शकते, हे पालकांनी आणि महाविद्यालयांनी लक्षात घ्यायला हवे.

दुसरा अभ्यास २०१९चा आहे आणि तो अधिक बोलका आहे. मनाच्या आरोग्यासाठीच्या ९३ अ‍ॅपचा प्रत्यक्ष वापर मोजला गेला, तेव्हा डाउनलोड केल्यानंतर पंधराव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचे प्रमाण क्रमवारीत मधोमध येणाऱ्या अ‍ॅपमध्ये ३.९ टक्के आणि तिसाव्या दिवशी ३.३ टक्के निघाले. शंभर मुलांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकले तर महिन्याभराने तिघे-चौघे ते उघडतात, असा याचा अर्थ. यात मुलांचा आळशीपणा शोधू नये. मन खचलेले असते तेव्हा नेमकी तीच शक्ती गेलेली असते जिच्या बळावर अ‍ॅप उघडून चौकटी भरायच्या असतात. त्यात सलग किती दिवस नोंद केली हे मोजणारे आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणणारे अ‍ॅप असेल, तर आधीच स्वतःला दोष देणाऱ्या मुलाला दोषाचे आणखी एक कारण मिळते. माझ्या मते नव्या विद्यार्थ्यांसाठी हा आकडा बंद ठेवता येईल असेच अ‍ॅप निवडावे. आठवड्यातून एकदा कुणी माणसाने, मग तो समुपदेशक असो की वरच्या वर्गातला प्रशिक्षित विद्यार्थी, "या आठवड्यात काय नोंदवलेस?" असे विचारले तर मुले टिकतात आणि फायदाही वाढतो. माणसाच्या साथीने वापरलेली अशी साधने एकट्याने वापरलेल्या साधनांपेक्षा अधिक उपयोगी पडतात, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे.

भाषेचा प्रश्न बडोद्यात फार जवळचा आहे. बहुतेक अ‍ॅप इंग्रजीत विचार करतात. बंगळुरूत घडलेले वायसा नावाचे चॅटबॉट अ‍ॅप हिंदीतही बोलते, ही चांगली सुरुवात आहे. पण आमच्याकडची मुले चॅटबॉटला लिहितात ती रोमन लिपीत, अर्धी मराठी, अर्धी हिंदी आणि मध्येच गुजराती. शिवाय आपल्याकडे मनाचे दुखणे शरीराच्या शब्दांत सांगितले जाते. "डोके जड झाले आहे", "जीव घाबरतो", "छातीत धडधडते", "कशात जीव लागत नाही" यांतला शेवटचा शब्दप्रयोग ऐकून आपल्या घरातली कुठलीही आजी हातातले काम टाकून जवळ येईल, परंतु यंत्राला त्यातले गांभीर्य उमगेलच याची खात्री देता येत नाही. म्हणून मुलांना मी सांगते की चॅटबॉटशी सरावाच्या गोष्टी बोलाव्यात, जसे की श्वास सावकाश सोडण्याचा व्यायाम, झोपेची वेळ बसवणे किंवा उद्याच्या तोंडी परीक्षेची धास्ती. आणि जे सांगताना घसा दाटून येतो ते माणसालाच सांगावे, तेही आपल्या भाषेत.

गोपनीयतेकडे पालक आणि मुले दोघेही फारच सहज पाहतात. अमेरिकेतील बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने माहिती गुप्त राहील असे आश्वासन देऊनही ती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ साली त्या कंपनीला ७८ लाख डॉलर भरण्याचा आदेश झाला. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण डॉक्टर आणि रुग्णालय यांना जे बंधन आहे तेच एखाद्या "आरोग्यदायी सवयी" शिकवणाऱ्या अ‍ॅपला लागू आहे असे धरून चालू नये. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे माहिती घेण्याआधी स्पष्ट संमती घ्यावी लागते, दिलेली संमती तितक्याच सहजपणे मागे घेता यायला हवी आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. पहिल्या वर्षातली कितीतरी मुले सतरा वर्षांची असतात, तेव्हा हा मुद्दा कागदावरचा नाही.

व्यवहारात काय करावे? अ‍ॅप फोनबुक, ठिकाण किंवा फोटो मागत असेल तर नकार द्यावा, कारण मनाची नोंद ठेवायला यांपैकी कशाचीच गरज नसते. खाते आणि जुन्या नोंदी कायमच्या पुसण्याची सोय आहे का, ते पहिल्याच दिवशी पाहावे. बंद स्क्रीनवर सूचना दिसणार नाहीत अशी व्यवस्था करावी, कारण तिघांच्या खोलीत गादीवर पडलेल्या फोनवर "आज तुमचे नैराश्य कसे आहे?" असे झळकले तर त्या मुलीची उरलीसुरली झाकली मूठही उघडी पडते. महाविद्यालयाने स्वतः अ‍ॅप दिले असेल तर विद्यार्थ्याने निःसंकोच विचारावे की माझ्या नोंदी प्राध्यापकांना, वॉर्डनला किंवा घरी दिसतील का, आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे. पालकांनाही माझी कळकळीची विनंती आहे की मुलाच्या फोनमधले हे अ‍ॅप उघडून वाचू नका. तुम्ही ते वाचता असा संशय जरी आला तरी मूल त्यात खरे लिहिणे थांबवते, आणि मग त्याचा काहीच उपयोग उरत नाही.

अ‍ॅप बाजूला ठेवून थेट माणसाकडे जाण्याची वेळ कोणती, हेही स्पष्ट सांगायला हवे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक बिघडलेली असेल, वर्गात जाणे बंद झाले असेल, कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, दारू किंवा इतर नशेचा आधार घ्यावा लागत असेल, किंवा जगणे नको असा विचार एकदा जरी मनात आला असेल, तर अ‍ॅपमधल्या स्वाध्यायात वेळ घालवू नये. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे, तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठी व गुजराती यांसह वीस भाषांत प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलता येते. २०२४च्या ऑक्टोबरात तिचे अ‍ॅपही आले, आणि मला कुणी एकच अ‍ॅप विचारले तर मी हेच सांगते, कारण त्याच्या पलीकडे माणूस आहे. बडोद्यात सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे आणि करेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. करेलीबागेचे नाव घेतले की आमच्या जुन्या घरांतून अजून आवाज खाली येतो. तो संकोच आपल्या पिढीचा आहे. मुलांच्या वाट्याला तो देऊ नये.

जिन्यातल्या त्या आईला द्यायचे उत्तर असे आहे: टाकून द्या, पण टाकून देऊन निघून जाऊ नका. पहिले आठ-दहा आठवडे सर्वांत नाजूक असतात, म्हणून अ‍ॅप जुलैतच, मन ठीक असताना, मुलीच्या संमतीने आणि तिच्याबरोबर बसून सुरू करावे, आणि तिच्या कॉलेजातल्या समुपदेशकाची खोली कुठे आहे ते त्याच दिवशी चालत जाऊन पाहून यावे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांप्रमाणे शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा, आणि टेली-मानससारखे क्रमांक होस्टेल, वर्ग व सामायिक जागांत मोठ्या अक्षरांत लावायला हवेत. पालकांनी हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

आमचे घर काही होस्टेल नाही, तरी मी जिन्याच्या वळणावर, जिथे दिव्याचे बटण आहे तिथे, १४४१६ हा आकडा मराठीत आणि गुजरातीत लिहून चिकटवला. चार दिवसांनी पाहिले तर खाली कुणीतरी निळ्या पेनने लिहिले होते, "रात्री तीनलाही उचलतात."